प्रसंगावधान

माझ्या एस.टी.डी. बूथच्या काउंटरवर धप्पकन काहीतरी पडलं आणि माझा उजवा हात मला न विचारता टेबलाखाली गेला. तिथे काही नसतं, काच पुसायचं फडकं असतं. चार वर्षं झाली शांतिसेनेतून, लंकेहून येऊन, तरी हात अजून खाली जातो आणि ते फडकं घट्ट धरून बसतो. मान वर केली तर काउंटरवर केळीचा लहानसा घड होता, चार-पाच फण्यांचा, कच्चा, दांडीतून अजून चीक गळत होता. त्यामागे एक म्हातारी उभी होती, डोक्यावरचा पदर दातांत धरलेला. एवढा घड डोक्यावर घेऊन ती एस.टी. स्टँडपासून चालत आली असणार, कारण डोक्यावरच्या पदराला चिकाचे डाग होते. "अभिमन फौजी तुम्हीच शेतस का भाऊ?" तिने विचारलं. नाही म्हणायची सोय नव्हती. माझ्या डोक्यामागे भिंतीवर मीच होतो, चौकटीत, गळ्यात झेंडूचा हार घालून, आणि खाली वर्तमानपत्राच्या जाड अक्षरांत छापलं होतं: जखमी जवानाचं प्रसंगावधान. ती चौकट पुष्पाने, माझ्या बायकोने, हौसेने करून आणली आणि माझ्या देखत खिळा ठोकला. मी म्हणालो, हो, मीच. "मी मगननी माय," ती म्हणाली. "घड मळामाधला नही हां. आमना परसमाधला शे."

मगन मरून आज पंधरा दिवस झाले. त्याचं नाव मला तो दवाखान्यात गेल्यावर कळलं, आणि त्याच्या आईचं, वच्छलाबाईचं, नाव कळलं ते वर्तमानपत्रातून. तिला मी बसायला स्टूल दिलं. ती बसली आणि म्हणाली, "तुम्हनं काम व्हऊ द्या. मन्ही येस्टी एक वाजता शे." साडेअकरा वाजले होते. म्हणजे दीड तास ही बाई माझ्या समोर बसणार होती. आणि मला आत कुठेतरी बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. वाटलं, आता सांगून टाकू. पंधरा दिवस मी हेच घोकत होतो, की कुणीतरी यावं आणि मी त्याला सांगावं की त्या चौकटीत जे छापलंय ते खोटं आहे. पोलीस आले तर त्यांना सांगू म्हणून थांबलो होतो. पोलीस आले, चहा पिऊन गेले. आता ती आली होती, जिच्याहून मोठा अधिकारी या गोष्टीत दुसरा कुणी नाही. केबिनमधून एक माणूस सुरतेला ओरडून सांगत होता की मुलगी पसंत आहे, मुलगी पसंत आहे, आणि मीटरवरचे लाल आकडे पळत होते. तो बाहेर येऊ दे, मग सांगू, असं मी ठरवलं.

हे सगळं पंडितनानांमुळे झालं असं म्हणायला मला आवडेल, पण नाना वाईट माणूस नाही. चोपड्याकडे त्यांची चाळीस एकर केळी, जळगावात बंगला, आणि एका मंडळाचे ते अध्यक्ष. डिसेंबरात विजय दिवस येतो, तेव्हा मंडळ आम्हा जखमी फौजींना बोलावतं, नारळ देतं, शाल देतं, आम्ही त्या शाली घरी आणून ट्रंकेत ठेवतो. या वर्षी नाना बूथवर आले आणि म्हणाले, "अभिमन, शाली देऊन देऊन आम्हालाच कंटाळा आला. तुम्ही काय म्हाताऱ्या बाया आहात का? या वेळी तुम्हाला शिकारीला नेतो. माझ्या मळ्यात रानडुकरांनी उच्छाद मांडलाय, नुकसानीचा परवाना काढलाय, बंदूक आहे, जीप आहे, मटणभाकरी आहे. हातात बंदूक घेतल्यावर कसं वाटतं ते पुन्हा एकदा बघा." सगळ्यांना पत्रं गेली, पण दोघंच तयार झालो, मी आणि नरडाण्याचा धनसिंग. धनसिंगचा उजवा हात कोपरापासून नाही. ज्याला हात नाही त्याला शिकारीला न्यायचं हे फक्त आपल्याकडच्या भल्या माणसांनाच सुचू शकतं. त्याच्या गळ्यात त्यांनी दुर्बीण अडकवली आणि म्हणाले, तुम्ही निरीक्षक. धनसिंगने ती दिवसभर डाव्या हाताने धरून ठेवली, जणू कुणाचं लहान पोर सांभाळायला दिलंय. मी का गेलो? पुष्पा म्हणाली, "जा हो, चार माणसांत बसाल," हे एक. पण खरं म्हणजे मला बघायचं होतं. बंदूक हातात आल्यावर माझा हात काय करतो ते मला बघायचं होतं, आणि हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

सुरतेवाला बाहेर आला, पावती घेऊन गेला. मी म्हातारीकडे वळलो तर ती चौकटीकडे बघत होती. तिला वाचता येत नसावं, पण फोटो तिला कळत होता. "तुम्हना फोटो चांगला उना," ती म्हणाली. तेवढ्यात डाळ मिलचा मुनीम घुसला, त्याला इंदूर हवं होतं, आणि मी नंबर फिरवायला लागलो. इंदूर लागेना. मी पुन्हा पुन्हा फिरवत राहिलो आणि मनात म्हणालो, लागू नको.

माझं गाव सोनगीर. किल्ल्याखालची कोरडवाहू जमीन, बाजरी आणि दगड. पण मामाचा मळा चोपड्याकडे, म्हणून उन्हाळ्याच्या सगळ्या सुट्ट्या मी केळीत काढल्या. केळीच्या बागेत बाहेर आग असली तरी आत गार, ओलं, हिरवट अंधारलेलं, आणि पायाखाली कुजलेल्या पानांचा वास. हिलालमामाने मला एक गोष्ट शिकवली होती. केळीच्या खांबाला लटकलेली वाळकी पानं असतात ना, ती वाऱ्याने हलतात तेव्हा आधी वरची हिरवी हलतात. वरची स्तब्ध आणि खालची वाळकी तेवढी वाजली, की समजायचं आत जीव आहे. कोल्हा, कुत्रा, डुक्कर, चोर, काहीतरी. मामा मला बांधावर बसवून डोळे मिटायला लावायचा आणि विचारायचा, "सांग, वारा का जीव?" मी कधी चुकायचो नाही. मामा सगळ्यांना सांगायचा, भाच्याला केळी कळते. शाळेत मला काही विशेष कळत नव्हतं, म्हणून त्या एका गोष्टीचा मला फार अभिमान होता. तोच अभिमान घेऊन मी लंकेत उतरलो. तिथेही केळी होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. विहीर, पाट, शेणाचा सडा, आणि मागे केळीची बाग, हुबेहूब मामाची. बरोबरचे पंजाबी, गढवाली पोरं त्या बागांना घाबरायची, मी हसायचो. म्हणायचो, अरे, हे माझं आजोळ आहे.

त्या दिवशी सकाळी एका घरातून आमच्यावर गोळ्या आल्या होत्या आणि आम्ही बागेच्या कडेने आडवे पडलो होतो. बराच वेळ काही नाही. मग खालची वाळकी पानं वाजली. वरची स्तब्ध होती. हवालदाराने मला खुणेने विचारलं, वारा? मी नाही म्हणून मान हलवली. माणूस आहे, मी म्हणालो, आणि गोळी झाडली. आणि मी चुकलो नव्हतो. माणूसच होतं. म्हातारी बाई होती, वच्छलाबाईएवढी, उजव्या हातात विळा आणि डाव्या हातात अर्धं कापलेलं केळीचं पान. घरात कुणी जेवायचं असेल, म्हणून पान कापायला आली असेल. ती पडली नाही, बसली. पाय पसरून खांबाला टेकून बसली आणि माझ्याकडे बघू लागली. घाबरलेली नव्हती. दारात कुणी पत्ता विचारायला आला तर आपण बघतो तशी बघत होती. मग तिचे ओठ हलले. काहीतरी म्हणाली, एकच काहीतरी, लहानसं. मला ऐकू आलं नाही, आलं असतं तरी कळलं नसतं. हवालदार म्हणाला, चलो, आणि आम्ही पुढे गेलो. कुणी कुठे काही लिहिलं नाही. आठ दिवसांनी माझा डावा पाय सुरुंगावर पडला, आणि इस्पितळात शुद्धीवर आल्यावर पायाच्या जागी चादर सपाट बघितली तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं असेल? वाटलं, झालं, फिटलं. मी हसलो म्हणून नर्सने डॉक्टरला बोलावलं. पण फिटलं नव्हतं. पाय गेला आणि ती बाई तशीच बसून राहिली. चार वर्षं मी रोज तिच्या ओठांकडे बघतो आणि ती काय म्हणाली असेल ते लावून बघतो. पाणी म्हणाली असेल. शिवी दिली असेल. कुणाचं नाव घेतलं असेल. पुष्पा विचारते, कसला विचार करता, मी म्हणतो, पायाचा. पाय फार सोयीचा आहे. पायाचा म्हटलं की लोक गप्प होतात.

इंदूर लागलं. मुनीम केबिनमध्ये गेला. म्हातारीने पदराची गाठ सोडली, तपकिरीची डबी काढली, पण ओढली नाही, पुन्हा बांधली. "सून कशी आहे?" मी विचारलं. "शे," ती म्हणाली. एवढंच. मग जरा वेळाने, "जेवस नही." मी पाणी दिलं. ती फुलपात्र वर धरून पाणी प्यायली आणि फुलपात्र स्वतःच्या पदराने पुसून तिने परत ठेवलं. मला वाटलं, आता. पण कुठून सुरुवात करणार? डुकरापासून केली तर लंकेपर्यंत जावं लागणार, आणि लंकेपासून केली तर ती म्हणेल, भाऊ, हे माले काबर सांगतस.

शिकारीच्या दिवशी बायकांनी आम्हाला ओवाळलं. बंदुकीलाही कुंकू लावलं, नारळ फोडला. बागेच्या कडेला बांधावर दोन लोखंडी खुर्च्या टाकल्या होत्या, त्यांवर आम्ही दोघं, गळ्यांत हार, लग्नातल्या व्याह्यांसारखे. हार काढू दिला नाही, फोटोवाला यायचा होता. नानांनी बारा बोअरची बंदूक माझ्या मांडीवर ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं, पहिली गोळी अभिमनची. त्याने झाडल्याशिवाय कुणी झाडायची नाही, हा मान त्याचा. तोपर्यंत नानांचे दोन पुतणे बंदुकांच्या नळ्या उघड्या ठेवून मागे उभे राहिले. मळ्यातली माणसं तेलाचे रिकामे डबे घेऊन पलीकडून बागेत शिरली. हाका सुरू झाला. डबे बडवत, ओरडत ती माणसं डुकरांना आमच्याकडे रेटत येणार होती. मगन त्यांच्यात होता. मी त्याला पाहिलं नाही. एवढ्या लोकांत कोण मगन आणि कोण नाही, मला काय माहीत? वारा अजिबात नव्हता. डब्यांचा आवाज जवळ येत गेला आणि माझ्या हाताने बंदूक उचलली, खांद्याला लावली, बोट चापावर ठेवलं, सगळं बरोबर, सगळं जिथल्या तिथे. मला स्वतःचं कौतुक वाटलं. मग खालची वाळकी पानं वाजली. वरची स्तब्ध होती. जीव आहे, मी मनात म्हणालो. आणि ते बाहेर आलं. काळं, केसाळ, बांधापासून दहा पावलांवर, आडवं उभं राहिलं. सुळा दिसत होता, नाकाला माती दिसत होती. ते डुक्कर होतं. मला डुकराशिवाय दुसरं काहीही दिसलं नाही, हे मी कोणत्याही देवासमोर सांगेन. त्याच्या मागे कुणी नव्हतं. पोराने दगड मारला असता तरी लागला असता. पण माझं बोट हललं नाही. डोळ्यांना डुक्कर दिसत होतं आणि बोट म्हणत होतं, तिच्या हातात विळा आहे, ती पान कापतेय. मी बंदूक खाली केली. मान माझा, म्हणून मागच्या दोघांनीही झाडली नाही. डुक्कर माझ्याकडे बघत राहिलं, मग वळलं आणि जिथून आलं तिथेच परत घुसलं, डब्यांच्या आवाजाच्या दिशेने. एक डबा वाजायचा थांबला.

पोट फाटलेला मगन बाहेर आणला तेव्हा सगळे ओरडत होते, आणि त्या ओरडण्यात नानांचा आवाज सगळ्यात मोठा होता. "पाहिलं का? पाहिलं का? मागे माणूस दिसला म्हणून याने बंदूक खाली केली! आपण झाडली असती आणि माणूस मारला असता! याला म्हणतात फौजी!" नाना खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच दिसलं. माणसाला दहा पावलांवरून डुकरावर गोळी झाडता येत नाही, याला दुसरं काय कारण असू शकतं? सगळ्यांनी ते कारण झटकन उचललं, कारण ते सगळ्यांच्याच सोयीचं होतं. मी तोंड उघडलं नाही. तेव्हा म्हटलं, आधी त्याला जीपमध्ये घाला. मग म्हटलं, आधी तो बरा होऊ दे. तिसऱ्या दिवशी तो गेला, आणि त्याच संध्याकाळी मंडळात शिकारीच्या दुसऱ्याच दिवशी ठरलेला माझा सत्कार झाला. मी गेलो. शाल घेतली. तीसुद्धा ट्रंकेत आहे. फक्त धनसिंग शिकारीहून परतताना जीपमध्ये हळूच म्हणाला होता, "अभिमन, मनाजोडे दुर्बीण व्हती. मांगे कोनीच नव्हतं." मग तो म्हणाला, "सांगू नको कोनले. यासले नही समजाव." आणि आपला अर्धा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला, ज्या बाजूला पाय नाही त्या.

मुनीम गेला. बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. मी उठलो, काउंटरच्या फळीला धरून बाहेर आलो, बूथचं दार ओढून घेतलं आणि तिच्यासमोर उभा राहिलो. खोट्या पायावर असं उभं राहिलं की पट्टा मांडीत रुततो. ती पण उठली. तिला वाटलं, मी निरोप देतोय. "भाऊ, एकच इचारनं व्हतं," ती म्हणाली. "दवाखानामा तीन दिन मी त्याना जोडे बसनू. पन तो बोलना नही. डोया उघडा नहीत. माले काहीच माहित नही. तुम्ही त्याले देखं ना? समदा म्हनतस, फौजीनी मगनले देखं म्हनीसन बंदूक खाले करी. मंग माले सांगा, कसा दिखे तो? घाबरेल व्हता का?"

मी म्हणालो, "मावशी, मी त्याले देखं नही." म्हणालो. पंधरा दिवस घोकलेलं वाक्य, स्पष्ट, मोठ्याने म्हणालो. "डुक्करना मांगे कोनीच नव्हतं. मी तसाच बसनू. झाडता उनी नही माले. झाडी असती ते तुमना मगन आज जित्ता ऱ्हाता." घामाने माझी पाठ भिजली आणि मला एकदम हलकं वाटलं, इतकं हलकं की पट्टा रुतायचा थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. राग नव्हता तो. राग आला असता तर मी तिचे पाय धरले असते. तिला सगळं समजल्यासारखं झालं, आणि जे समजलं ते मी म्हणालो ते नव्हतं. "लई घाबरेल व्हता ना?" ती म्हणाली. "म्हनीसन सांगतस नही तुम्ही. मी समजनू. लहानपने बी लई घाबरे तो. डुक्करना आवाज उना की मना पदरमा घुसे." तिने पदर मुठीत धरला. "वरडना व्हई ना? माले हाका मारी व्हई, आनि कोनी गयं नही."

आता मी काय करायला हवं होतं? पुन्हा तेच सांगायला हवं होतं. दहा वेळा सांगायला हवं होतं. पण ती तिथे उभी राहून आपल्या पोराला त्या बागेत एकट्याला ओरडताना बघत होती आणि यापुढे रोज बघणार होती, आणि असं रोज बघणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. तिला काहीतरी द्यायचं म्हणजे माझ्याजवळ मगनचं काहीच नव्हतं. माझ्याजवळ एकच चेहरा होता. "नही मावशी," मी म्हणालो. "घाबरेल नव्हता. वरडना बी नही." ती एक पाऊल जवळ आली. "खांबले टेकीसन बसेल व्हता. मनाकडे देखी राहिंता. कोनी पत्ता इचारावले येस ना, तसा. निवांत. हातमा इळा व्हता."

"इळा?" ती म्हणाली. "त्यानाजोडे ते डबा व्हता."

 पकडला गेलो, असं वाटलं, आणि देवाशपथ बरं वाटलं. ती जमिनीकडे बघत विचार करत राहिली. बाहेर रिक्षावाले भांडत होते. मग ती म्हणाली, "कोनाना तरी इळा लिधा व्हई." आणि मान वर केली. "आनि?"

"आनि ओठ हालनात त्याना," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू येईनासा झाला. "काहीतरी म्हने. एकच. माले ऐकू उनं नही."

तिने माझ्या दंडाला हात लावला, समजूत घालायला लावतात तसा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहरा निवळला होता. "माय म्हने व्हई," ती म्हणाली. "दुसरं काय म्हनाव, भाऊ? माय म्हने व्हई."

तिने पदर सारखा केला, दातांत धरला आणि एकच्या गाडीसाठी निघाली. मी भिंतीला टेकलो. खोटा पाय घसरला आणि मी तिथेच, दाराशी, पाय पसरून बसलो. काचेबाहेर कुणीतरी दोन बोटांनी टकटक करून विचारत होतं की बूथ चालू आहे का.